गंजलेल्या ट्रकचे पुनरुज्जीवन : हैदराबादचा वारसा आणि घरच्या कार्यशाळेतील शास्त्र

जुनी मोटारगाडी आणि जुना ट्रक यांच्या नशिबात मोठा फरक असतो. मोटारगाडी घरच्या पागेत वा शेडमध्ये राहते, तिच्याशी कुटुंबाच्या आठवणी जोडलेल्या असतात. ट्रक मात्र आयुष्यभर ओझे वाहतो आणि निकामी झाला की माळावर, गॅरेजच्या मागे किंवा भंगारवाल्याच्या आवारात उभा राहतो. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारी आज बऱ्याच संख्येने दिसतात. त्याच काळातील ट्रक दुर्मीळ आहेत. जे उरले आहेत ते बहुधा गंजाने पोखरलेले आहेत. असा ट्रक घरच्या कार्यशाळेत पुन्हा उभा करणे शक्य असते. परंतु त्यासाठी हौसेपेक्षा मोजमापाची आणि रंगापेक्षा धातूच्या ज्ञानाची अधिक गरज असते. या कामाचे शास्त्र, त्यातील धोके आणि त्यासंबंधीचा कायदा यांची माहिती देताना हैदराबाद शहराचे उदाहरण विशेष उपयोगी पडते.

हैदराबाद आणि अवजड वाहनांचा इतिहास

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात १९१२ ची रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट ही पिवळ्या रंगाची गाडी ठेवलेली आहे. बार्कर या इंग्रजी कंपनीने तिची बॉडी बांधली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी ती मागविण्यात आली होती; परंतु १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि गाडी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. समारंभापुरती वापरली गेल्याने ती फारच थोडे अंतर धावली. पुढे तिचे काळजीपूर्वक पुनरुज्जीवन झाले आणि आज ती राजवाड्याच्या आकर्षणांपैकी एक आहे.

याच शहरात अवजड वाहनांचाही तितकाच महत्त्वाचा इतिहास आहे. जून १९३२ मध्ये निजामाच्या सरकारी रेल्वेने रस्ता वाहतूक विभाग सुरू केला. आरंभी त्याच्याकडे २७ वाहने आणि १६६ कर्मचारी होते. प्रवासी रस्ता वाहतूक सरकारने स्वतःच्या हाती घेण्याचा हा भारतातील पहिला प्रयोग मानला जातो. त्या काळातील बसगाड्या अल्बियन या स्कॉटिश कंपनीच्या होत्या. १८९९ मध्ये ग्लासगो शहरात स्थापन झालेली ही कंपनी ट्रक आणि बस यांचे सांगाडे बनवी आणि तिच्या रेडिएटरवर उगवत्या सूर्याचे चिन्ह असे. १९५१ मध्ये ती लेलँड कंपनीत विलीन झाली. हैदराबादच्या बसभवनात १९३२ ची एक अल्बियन बस जतन करण्यात आली आहे. शहरातील सरकारी बसगाड्यांच्या क्रमांकात दिसणारे ‘झेड’ हे अक्षर सातव्या निजामाच्या मातोश्री झेहरा बेगम यांच्या स्मरणार्थ असल्याचे सांगितले जाते.

मराठी वाचकांसाठी या इतिहासात आपुलकीचा एक धागा आहे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठीभाषक जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाल्यावर मराठवाड्यातील सरकारी बससेवा मुंबई राज्याकडे आली आणि पुढे महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळाचा भाग बनली. म्हणजे मराठवाड्यातील एस.टी.चे एक मूळ हैदराबादच्या त्या २७ वाहनांपर्यंत पोहोचते.

शहराने स्वतःही वाहने घडविली. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या ऑल्विन मेटल वर्क्स या कंपनीने सनतनगर येथील कारखान्यात बसच्या बॉड्या बांधल्या. १९८० च्या दशकात याच ऑल्विनने जपानच्या निस्सान कंपनीच्या सहकार्याने, हैदराबादहून मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गावरील जहीराबाद येथे हलके ट्रक बनविले. तो उद्योग पुढे महिंद्र समूहाकडे गेला. ऑल्विनचे शीतकपाट अनेकांना आठवते, तिचा ट्रक मात्र विस्मरणात गेला आहे. राजाची गाडी राजवाड्यात पोहोचली, एक बस बसभवनात पोहोचली; ट्रकला अशी जागा क्वचितच मिळते. तो वाचवायचा असेल तर एखाद्या घरच्या आवारातच वाचतो.

गंज म्हणजे नेमके काय

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड बनते, तोच गंज. यांपैकी पाणी किंवा प्राणवायू रोखला तर क्रिया थांबते. केवळ पाऊसच नव्हे, हवेतील दमटपणाही गंजाला पुरेसा असतो. सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग स्पष्टपणे वाढतो. मीठ या क्रियेला बळ देते, कारण खारट पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे.

गंजाचा दुसरा गुणधर्म ट्रकच्या बाबतीत अधिक घातक ठरतो. लोखंडापेक्षा गंजाचे आकारमान कित्येक पटींनी मोठे असते. दोन पत्रे एकमेकांवर रिवेटने जखडलेले असतील आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरले, तर आत तयार होणारा गंज फुगतो, पत्रे एकमेकांपासून ढकलतो, रिवेटची डोकी तोडतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असताना आतला सांधा पोकळ झालेला असतो. जुन्या ट्रकचा सांगाडा प्रामुख्याने रिवेटने जोडलेला असल्याने त्याचे सर्वाधिक नुकसान अशा झाकलेल्या जागी होते.

येथे हवामानाचा प्रश्न येतो. हैदराबाद समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, दख्खनच्या पठारावर सुमारे पाचशे मीटर उंचीवर वसले आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गोव्यात हेच प्रमाण सुमारे ३००० मिलिमीटर आहे आणि त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेची भर पडते. त्यामुळे पठारावर अनेक दशके उघड्यावर राहिलेल्या ट्रकचा गंज बहुधा वरवरचा, कोरडा आणि तपकिरी असतो. किनारपट्टीवरील ट्रकचा गंज थराथराने सुटणारा आणि खोल गेलेला असतो. जुना ट्रक विकत घेताना तो कोणत्या गावी उभा होता हा प्रश्न तो कोणत्या साली बनला या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पहिला निर्णय सांगाड्याचा

पत्र्याची केबिन नव्याने बनविता येते, लाकडी हौदा नव्याने बांधता येतो, इंजिन दुसरे मिळू शकते. परंतु ट्रकची ओळख आणि त्याची सुरक्षितता ज्यावर अवलंबून असते तो सांगाडा, म्हणजे चासी, हाच पुनरुज्जीवनाचा निर्णायक भाग होय. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर अशी त्याची शिडीसारखी रचना असते. चासी क्रमांक याच तुळईवर कोरलेला असतो. तो क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी जुळतो की नाही हे सर्वांत आधी पाहावे. क्रमांकाच्या जागी ग्राइंडर लावू नये.

त्यानंतर तपासणी. हातोडीने हलके ठोकत जावे. सशक्त लोखंड खणखणीत आवाज देते, पोखरलेले लोखंड बद्द वाजते. टोकदार हत्यार रुतत असेल तर तो भाग संपला असे समजावे. शंकेच्या जागी अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने उरलेली जाडी मोजून ती त्याच तुळईवरील निरोगी जागेशी ताडून पाहावी. पाट्यांचे आधार, स्टिअरिंग बॉक्सची बैठक, इंजिनच्या बैठका आणि मागील पाट्यांच्या वरचा भाग या चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे भार एकवटतो आणि चिखलही साचतो.

सांगाडा वाकडा आहे का हे तपासण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. ट्रक सपाट फरशीवर समपातळीत उभा करून तुळयांवरील समान बिंदूंवरून ओळंबा सोडावा, फरशीवर खडूने खुणा कराव्यात आणि तिरकी अंतरे मोजावीत. समोरासमोरची दोन तिरकी अंतरे सारखी आली तर सांगाडा काटकोनात आहे. ही मोजणी ट्रक सुटा करण्यापूर्वी झाली पाहिजे.

तपासणीचा निकाल प्रतिकूल आला तर थांबण्याचे धैर्यही लागते. तुळयांची जाडी लांबवर घटली असेल, तर त्या ट्रकचे सुटे भाग दुसऱ्या, अधिक सशक्त सांगाड्याच्या कामी यावेत हेच त्याचे योग्य जतन ठरते. पोखरलेल्या तुळईवर पट्टी जोडून आणि रंग फासून रस्त्यावर आणलेला ट्रक चालकाच्या आणि इतरांच्या जिवावर उठतो.

जागा आणि सुटे करण्याची शिस्त

घरच्या कार्यशाळेची पहिली गरज हत्यारांची नव्हे, तर मजबूत फरशीची असते. मातीवर लावलेला जॅक ट्रकच्या वजनाखाली रुततो किंवा कलतो. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. उचललेला भाग पोलादी घोड्यांवर टेकविल्याखेरीज कोणीही खाली जाऊ नये. वर छप्पर, खेळती हवा, अग्निशामक आणि जड भाग उचलण्यासाठी चेनब्लॉक एवढी तयारी आवश्यक असते. गिअरबॉक्स, अॅक्सल आणि इंजिन एकट्याने हलविण्याचा प्रयत्न करू नये.

सुटे करताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. प्रत्येक भागाला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, बोल्ट ज्या भागाचे असतील त्याच भागाच्या डब्यात ठेवावेत. गंजलेले बोल्ट जोर लावून तोडण्याऐवजी त्यांवर आत झिरपणारे तेल काही दिवस सोडत राहावे, मग उष्णता द्यावी. रंगाचे थर एकाखाली एक कसे आहेत हे एखाद्या कोपऱ्यात घासून पाहावे; मूळ रंग, जुन्या मालकाचे नाव, परवान्याची अक्षरे बहुधा तेथेच सापडतात. हा त्या वाहनाचा इतिहास असतो आणि एकदा खरवडून टाकल्यावर तो परत मिळत नाही.

जुन्या भारतीय ट्रकचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. कारखान्यातून अनेकदा केवळ इंजिनसह चासी आणि पुढचा दर्शनी भाग बाहेर पडे; केबिन आणि हौदा स्थानिक बॉडी बांधणारे कारागीर लाकूड व पत्रा वापरून उभे करीत. त्यामुळे एकाच नमुन्याचे दोन ट्रक वेगळे दिसत. पुनरुज्जीवनात परदेशी पुस्तकांतील केबिन जशीच्या तशी उभी करण्यापेक्षा स्थानिक कारागिरांनी बांधलेली रचना जपणे अधिक प्रामाणिक ठरते. अशा ट्रकला वेल्डरइतकीच सुताराचीही गरज असते.

गंज काढण्याच्या रीती

गंज काढण्याची एकच सर्वोत्तम रीत नाही. भागाची जाडी, आकार आणि महत्त्व पाहून रीत निवडावी लागते.

तारेचा ब्रश आणि ग्राइंडर ही सर्वांत सोपी साधने आहेत. सपाट, सहज पोहोचता येणाऱ्या भागांसाठी ती पुरेशी ठरतात. मात्र खड्ड्यांच्या तळाशी रुतलेला गंज त्यांनी निघत नाही, उलट त्यावर चकाकी येऊन तो निघाल्याचा भास होतो.

सांगाड्यासाठी ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कणांचा मारा करणे, ही सर्वांत परिणामकारक रीत आहे. त्यासाठी साधी वाळू वापरू नये. वाळूतील सिलिकाची धूळ फुफ्फुसांत साठून सिलिकोसिस हा असाध्य आजार होतो. गार्नेट किंवा तत्सम पर्यायी कण वापरावेत आणि काम करणाऱ्याला हवा पुरविणारे शिरस्त्राण असावे. हे काम व्यावसायिकाकडून करून घेणे अधिक चांगले. केबिनच्या पातळ पत्र्यावर जोरदार मारा केल्यास तो तापून व ताणून वाकडा होतो, हेही लक्षात घ्यावे.

लहान भागांसाठी विद्युत-अपघटन उपयोगी पडते. प्लास्टिकच्या टबात पाणी भरून दर लिटरमागे साधारण एक लहान चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडावी. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कदापि लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो आणि तो ज्वालाग्राही असतो. म्हणून टब उघड्यावर ठेवावा आणि चार्जर बंद करूनच तारा काढाव्यात. पाटे आणि उच्च ताकदीचे बोल्ट यांना ही रीत वापरू नये. हायड्रोजन धातूत शिरून तो ठिसूळ होण्याची भीती असते.

साखर कारखान्यातील मळी पाण्यात कालवून तिच्यात भाग बुडवून ठेवण्याची रीतही प्रचलित आहे. एक भाग मळीला सुमारे नऊ भाग पाणी घेतात. दोन-तीन आठवड्यांत गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला विशेष इजा होत नाही. अॅल्युमिनियमचे भाग मात्र या द्रावणात घालू नयेत. फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रव पातळ गंजावर लवकर काम करतो आणि धातूवर फॉस्फेटचा थर सोडतो. गंजाचे रूपांतर करणारे टॅनिनयुक्त द्रवही मिळतात. ते उरल्यासुरल्या अंशासाठी असतात, थराथराने सुटणाऱ्या गंजावर ओतण्यासाठी नव्हे.

सांगाड्याची दुरुस्ती

सैल किंवा तुटके रिवेट काढून सांधा उघडावा, आतला गंज पूर्ण स्वच्छ करावा आणि मगच पुन्हा जोडावा. तापविलेले रिवेट ठोकणारे कारागीर आता विरळ झाले आहेत. ते न मिळाल्यास भोके रीमरने अचूक करून त्यांत घट्ट बसणारे उच्च ताकदीचे बोल्ट वापरता येतात. सैल भोकात साधा बोल्ट चालत नाही, कारण तेथे भार घर्षणाने नव्हे तर हादऱ्याने पडू लागतो.

तुळईच्या वरच्या व खालच्या आडव्या कडांवर भार सर्वाधिक असतो. तेथे नवे भोक पाडणे किंवा आडवे वेल्डिंग करणे टाळावे; भेग बहुधा तेथूनच सुरू होते. काही ट्रकच्या तुळया उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाच्या असतात आणि वेल्डिंगने त्यांची ताकद घटते. म्हणून सांगाड्याचे वेल्डिंग हे शिकाऊ हातांचे काम नव्हे. केबिनच्या पत्र्यात सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापावा आणि त्याच जाडीचा नवा तुकडा जोडावा. भोकावर पुट्टी भरणे ही दुरुस्ती नसते. पुट्टी पाणी धरून ठेवते आणि एक-दोन पावसाळ्यांत फुगून बाहेर पडते.

इंजिन, टाकी आणि चाके

वर्षानुवर्षे बंद असलेले इंजिन थेट स्टार्टरने फिरविण्याचा मोह आवरावा. पिस्टनच्या कड्या सिलिंडरला चिकटलेल्या असतात. इंजेक्टर किंवा प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि लांब दांड्याने क्रँकशाफ्ट थोडा पुढे, थोडा मागे असा हाताने हलवून पाहावा. मोकळा झाल्यावर तेल, गाळण्या आणि थंडाव्याच्या पाण्याचे मार्ग स्वच्छ करावेत. डिझेल इंजिनाचा इंधन पंप मात्र तज्ज्ञ दुरुस्तिकाराकडेच द्यावा. ब्रेकचे रबरी भाग, होज आणि सिलिंडरची सीले वरून चांगली दिसली तरी सरसकट बदलावीत.

तीन धोके जीवघेणे आहेत आणि ते प्रत्येक हौशी कारागिराला ठाऊक असले पाहिजेत. पहिला इंधन टाकीचा. रिकाम्या टाकीत द्रव नसला तरी वाफ असते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने तिचा स्फोट होतो. टाकीचे वेल्डिंग घरी करू नये. दुसरा जुन्या धुळीचा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस, तर जुन्या रंगात शिसे असू शकते. ही धूळ हवेच्या दाबाने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी, रंग ओला करून घासावा आणि योग्य मुखवटा वापरावा.

तिसरा धोका चाकांचा आणि तो सर्वांत कमी ओळखला जातो. जुन्या ट्रकची चाके अनेक तुकड्यांची असतात. टायर जागच्या जागी धरण्यासाठी पोलादी लॉक रिंग असते. ती रिंग गंजली किंवा नीट बसली नसेल, तर हवा भरताना प्रचंड वेगाने निसटते आणि समोरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. चाक काढण्यापूर्वी वाल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण सोडावी. गंजलेली वा वाकलेली रिंग पुन्हा वापरू नये. हवा लोखंडी पिंजऱ्यात, लांब होजने आणि बाजूला उभे राहूनच भरावी.

रंग आणि ऋतू

उघड्या पडलेल्या लोखंडावर दमट हवेत काही तासांतच नव्याने गंजाची छटा येते. म्हणून जेवढ्या भागावर त्याच दिवशी प्रायमर लावता येईल तेवढाच भाग एका दिवशी स्वच्छ करावा. सांगाड्यासाठी इपॉक्सी प्रायमर किंवा जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर टिकाऊ रंगाचे थर, अशी पद्धत रूढ आहे. धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअस अधिक असावे आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, हा औद्योगिक रंगकामाचा नियम घरच्या कामालाही लागू पडतो.

किनारपट्टीवर या नियमाचा सरळ अर्थ असा, की पावसाळ्यात सांगाडा उघडा करू नये. पावसाचे चार महिने इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि लाकूडकाम यांसाठी ठेवावेत. ब्लास्टिंग आणि रंगकाम हिवाळ्यात करावे. रंगानंतर बंद पोकळ्यांत मेणयुक्त तेल फवारावे आणि पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके मोकळी आहेत ना, हे दर पावसाळ्यापूर्वी पाहावे.

सुटे भाग कोठे मिळतात

हैदराबाद-सिकंदराबादचे वैशिष्ट्य म्हणजे या कामाला लागणारी सारी अंगे एकाच शहरात उपलब्ध आहेत. सिकंदराबादच्या राणीगंज भागात वाहनांचे सुटे भाग, बेअरिंग आणि यंत्रसामग्री यांची जुनी बाजारपेठ आहे. विजयवाडा महामार्गावरील वनस्थलीपुरमजवळच्या ऑटोनगरात ट्रकच्या दुरुस्तीचा व्यवसाय एकवटला आहे. बालानगर आणि जीडीमेटला या औद्योगिक वसाहतींत लहान यंत्रशाळा आहेत. बालानगर येथेच १९६८ पासून केंद्रीय हत्यार आरेखन संस्था कार्यरत आहे.

भाग मिळण्याची शक्यता ट्रकच्या नमुन्यावरही अवलंबून असते. टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपूर येथे बनविलेले ट्रक, अशोक लेलँडचे कॉमेट आणि मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे डॉज व फार्गो हे मोठ्या संख्येने बनले. त्यामुळे त्यांचे भाग किंवा जुळणारे पर्याय मिळण्याची आशा अधिक असते. अल्बियनसारख्या परदेशी वा अल्पसंख्य नमुन्याचा भाग मात्र बहुधा लेथवर नव्याने घडवावा लागतो. अशा वेळी जुना, मोडका भागही टाकू नये; नव्या भागाचे माप त्यावरूनच घ्यावे लागते.

कायद्यात ट्रकची जागा

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली वाहने त्यात येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि ती वाहने प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात.

मात्र ही व्यवस्था दुचाकी आणि एम-१ या प्रवासी मोटारींच्या वर्गापुरती मर्यादित आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. पन्नास वर्षांची मोटार वारसा म्हणून ओळखली जाते. तितकाच जुना ट्रक कायद्याच्या दृष्टीने केवळ जुने मालवाहू वाहन राहतो. त्याला रस्त्यावर आणायचे तर इतर ट्रकप्रमाणे योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि आठ वर्षांहून जुन्या वाहतूक वाहनांना ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. म्हणून इंजिन बदलण्यापूर्वी किंवा पुसट झालेला चासी क्रमांक पुन्हा कोरण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी. ५५ व्या कलमानुसार कायमचे निकामी झालेल्या वाहनाची नोंदणी रद्द होऊ शकते. तशी ती आधीच रद्द झाली आहे का, याची चौकशी ट्रक विकत घेण्यापूर्वीच करावी. रस्त्यावर न आणता खासगी आवारात केवळ जतन करण्याचा मार्ग अर्थातच मोकळा असतो.

गोव्याच्या दृष्टीने

गोव्यात हा विषय दूरचा नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबल्यावर खनिज वाहणारे असंख्य ट्रक जागच्या जागी उभे राहिले. खनिजाची ओलसर धूळ, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्या माऱ्यात उभे वाहन चालत्या वाहनापेक्षा लवकर सडते. त्या साऱ्यांचे पुनरुज्जीवन शक्य नाही आणि आवश्यकही नाही. परंतु प्रत्येक नमुन्याचा एखादा तरी ट्रक भावी पिढ्यांना पाहायला मिळावा असे वाटत असेल, तर तो निवडण्याची वेळ सांगाड्यात जीव आहे तोवरचीच असते.

ज्यांच्याकडे असा ट्रक आहे आणि तूर्त कामाला हात घालणे शक्य नाही, त्यांनीही काही गोष्टी आजच कराव्यात. ट्रक मातीवरून हलवून फरशीवर किंवा दगडी ठोकळ्यांवर घ्यावा. सांगाड्यात साचलेली माती धुऊन तो वाळवावा. वर छप्पर घालावे, पण वारा खेळता ठेवावा. अंगाला चिकटलेली ताडपत्री आत ओल कोंडते आणि गंज वाढविते. सिलिंडरमध्ये तेल सोडावे, सांगाड्यावर तेलाचा हात फिरवावा आणि नोंदणीची कागदपत्रे सुरक्षित ठेवावीत. या कामांना मोठा खर्च नाही. परंतु त्यांनी मिळालेली काही वर्षे त्या ट्रकचे पुढे भंगार व्हायचे की वारसा, हे ठरवितात.